कागद कोणाचे, खर्च कोणाचा?



जमीन कसणाऱ्याच्या हाती नांगर असतो. त्या जमिनीचे कागद मात्र बहुधा दुसऱ्याच्या पेटीत असतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. त्या उठावाचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, कागदांवर होता. त्यातूनच १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे जिल्ह्यासह चार जिल्ह्यांत न्यायालयाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा न देता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. सावकारशाही त्याने संपली नाही. परंतु ज्याच्याजवळ कागद, त्याच्यावर ते दाखविण्याचे दायित्व, हे तत्त्व मान्य झाले.

आज मावळात काय दिसते? लोणावळ्याच्या परिसरात शेतजमिनीला बंगल्यांच्या जागेचा भाव आला. समजा, एखाद्या बहिणीचा वारसाहिस्सा तिला न विचारता विकला गेला. सातबारा, फेरफार, नोंदणी झालेले खरेदीखत यांच्या नकला तिला सरकारी कचेरीतून मिळतील. परंतु बिननोंदणीची इसारपावती, घरगुती वाटणीचा कागद, पैशाच्या पावत्या प्रतिपक्षाच्या कपाटात राहतात. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील अकराव्या आदेशान्वये ते कागद शपथेवर उघड करण्याचा हुकूम तिला मागता येतो. हुकूम मोडणाऱ्या प्रतिवादीचा बचावही रद्द होऊ शकतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यावर म्हणणे येते, युक्तिवाद होतो, तारखा पडतात. वडगावच्या न्यायालयातील प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेली मजुरी आणि वकिलाची फी. लपविणाऱ्याला विलंब स्वस्त पडतो. जाणूनबुजून खोटा दावा वा खोटा बचाव करणाऱ्यावर बसणाऱ्या भरपाईदाखल खर्चाची सर्वसाधारण कमाल मर्यादा अवघी ३,००० रुपये आहे!

याउलट २०१५च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांत पक्षकाराने आपल्याजवळचे सर्व संबंधित कागद, स्वतःला प्रतिकूल असलेलेसुद्धा, आरंभीच शपथेवर उघड करावेत असे बंधन घातले. ३,०००ची मर्यादाही तेथे उठविली. व्यापाऱ्याला जो न्याय आवश्यक वाटला, तो शेतकऱ्याच्या वारसदाव्याला का नसावा?

येथे एक सावधगिरी हवी. हरणाऱ्याने सारा खर्च द्यावा, हा त्या कायद्यातील सर्वसाधारण नियम सरसकट लागू केला, तर धनिक निर्धास्त राहील आणि गरीब न्यायालयाची पायरीच चढणार नाही. म्हणून मागणी नेमकी असावी: जमिनीच्या सर्व दाव्यांत कागद आरंभीच उघड करण्याचे बंधन असावे आणि दंड हरण्याबद्दल नव्हे, तर लपविण्याबद्दल असावा. लपवाछपवीमुळे वाया गेलेल्या प्रत्येक तारखेचा प्रत्यक्ष खर्च लपविणाऱ्याने द्यावा.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना काम आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हे किती गावांत ठाऊक आहे? १८७५ साली कागद जाळावे लागले. आता ते उजेडात आणावयाचे आहेत.