शरदातील मुळशी



ज्युबिलीच्या या संमेलनात आम्हा भटक्या मंडळींनी मुळशीविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली आहे. आम्ही वक्ते नव्हे. पाय चालविण्याचा सराव आहे, जीभ चालविण्याचा नाही. तरी पायांनी जे पाहिले तेवढे आपणांपुढे ठेवतो.

मुळशीस जावयाचे म्हटले की लोक श्रावणात जातात. आम्हीही प्रारंभी तसेच गेलो. ताम्हिणीच्या अंगास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत कड्याच्या टोकाशी उभे राहिले असता दरी, जलाशय आणि शेजारी उभा असलेला मित्र हे तिन्ही सारखेच अदृश्य असतात. निसरड्या खडकांवरून दरवर्षी माणसे प्राणास मुकतात, ते वेगळेच. खरी मुळशी पाहावयाची तर आश्विन सरता सरता, कार्तिकाच्या तोंडाशी. तेव्हा आभाळ धुऊन निघालेले असते. उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकून असतो, गवत सोनेरी होऊ लागते, आणि खाचरांत भाताची कापणी चाललेली असते. कारवीचा योग मात्र सात-सात वर्षांनी येतो. ज्याच्या वाट्यास आला त्याने तो सोडू नये. दुपारचे ऊन या दिवसांत कडक असते, म्हणून आम्ही पहाटेच निघतो.

पिरंगुट आणि पौड मागे टाकून मुळशीच्या काठाने पश्चिमेस गेले की पाहण्याजोगी स्थळे एकापुढे एक येतात. पिंपरी गावाजवळच्या कड्यावरून कुंडलिकेची खोल दरी दिसते. तेथूनच अंधारबनाची वाट हिर्डीवरून भिऱ्यास उतरते. भर दुपारीही तिच्यावर सावली असते, आणि नशीब असेल तर शेकरू दिसते. या टापूतील काही रान २०१३ साली अभयारण्य म्हणून राखले गेले, हे चांगले झाले. उत्तरेस तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती आणि घनगड आहेत. त्यांचे वर्णन करू लागलो तर आपले जेवण निवेल. असो.

आमचे मन मात्र कैलासगडावर बसले आहे. वडुस्त्याहून भांबुर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील खिंडीतून सुमारे तासाभरात माथा गाठता येतो. गडावर पाहावयास फारसे नाही. पण दक्षिणेस दृष्टी टाकावी, तो मुळशीचे सारे पाणी डोंगरांच्या बोटांमधून शिरलेले दिसते. प्रथम पाहिले तेव्हा आमच्यापैकी एक जण उद्गारला, “येथे कोणी सरोवर किती हौसेने मांडले आहे!”

खाली उतरल्यावर एका घराच्या ओसरीवर आम्ही पाणी मागितले. घरच्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, “काय पाहिलंत वरनं?” आम्ही सरोवराची स्तुती केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बोट दाखवून म्हणाले, “त्या टेकाडाच्या खाली आमच्या आज्याचं खाचर हाय. पाण्यात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या घराचा पत्ता सांगावा तसे ते बोलले. आमची मान मात्र खाली गेली. कारण इतकी वर्षे आम्ही जे पाहून आनंदत होतो, त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती.

ती मग केली. हे खोरे आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेले होते. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी म्हणून टाटा कंपनीने येथे धरण योजिले, आणि सुमारे पन्नास गावांच्या शेतीवाडीवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी; बापटांस ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. मोबदला घेऊन जमिनी सोडण्यास पुण्यातील पुष्कळ सावकार व जमीनमालक राजी झाले, आणि प्रत्यक्ष नांगर धरणारी कुळे एकटी पडली. १९२४ च्या अखेरीस लढा संपला व पुढे धरण पुरे झाले. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात यास जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. आम्ही पुण्याच्या इतक्या जवळ राहून हे एका ओसरीवर शिकलो!

या पाण्याची दिशाही विलक्षण आहे. मुळा ही मुळात पूर्ववाहिनी. मुठा, भीमा, कृष्णा असे करीत तिने बंगालच्या उपसागरास जावे. परंतु १९२७ पासून तिचे पाणी डोंगर फोडून पश्चिमेस नेले जाते, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडते, आणि कुंडलिकेवाटे रेवदंड्याशी समुद्रास मिळते. त्या मुखाशीच कोर्लई आहे. तेथील आपले कॅथलिक बांधव आजही पोर्तुगीज वळणाची स्वतंत्र बोली घरात बोलतात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. मावळातील पाऊस त्यांच्या अंगणापर्यंत जातो, हे आम्हांस कैलासगडामुळे कळले.

म्हणून धरणास आम्ही शिव्या द्याव्यात काय? हे भाषण आम्ही विजेच्या दिव्याखाली लिहिले आहे. शिव्या देणे आम्हांस शोभणार नाही. पण सोबतच्या मुलांस ‘हे सरोवर’ एवढेच सांगून परत आणणेही आता आम्हांस जमत नाही. माथ्यावर बसून आम्ही त्यांना ही हकीकत सांगतो, आणि मगच शिदोरी सोडतो.

मृतांच्या स्मरणदिनानंतरच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी, आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी पहाटे पाच वाजता चर्चच्या फाटकाशी यावे. पायांत धरून राहणारे जोडे, डोक्यास टोपी आणि दोन बाटल्या पाणी आणावे. वाटाड्या गावातलाच घेऊ, आणि जेवणही गावातच सांगू. त्याचे पैसे प्रत्येकाने आनंदाने द्यावेत.

एक गोष्ट राहिली. मागील खेपेस त्या वृद्ध गृहस्थांनी निघताना आम्हांस डबाभर आंबेमोहोर दिला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. तो डबा अजून आमच्याकडे आहे. रिकामा परत देणे बरे दिसत नाही. तेव्हा भगिनींपैकी कोणी करंज्या करून देतील, तर आम्ही तो जपून वर नेऊ.