गवारीचा डिंक आणि फणसाची आठळी



बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे हर्मान स्टिलमार्क यांनी १८८८ साली डोर्पाट (आजचे टार्टू) येथे दाखविले. त्यांनी एरंडाच्या बिया घेतल्या होत्या. पेशींवरील विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटणाऱ्या अशा प्रथिनांना आज लेक्टिने म्हणतात. फणसाच्या आठळीतील लेक्टिनाला गॅलॅक्टोज ही शर्करा लागते.

परंतु अर्कात अनेक प्रथिने असतात. ती वेगळी केल्यावाचून कोणता गुण कोणाचा, हे निश्चित सांगता येत नाही. येथे गवारीच्या बियांचा डिंक उपयोगी पडतो. त्याचा रेणू म्हणजे मॅनोजची लांब साखळी आणि तिला जागोजागी फुटलेल्या गॅलॅक्टोजच्या फांद्या. लेक्टिनाला हवी ती शर्करा निसर्गानेच तेथे जोडून ठेवली आहे. रसायनज्ञाला ती वेगळी जोडावी लागत नाही.

मात्र साधा डिंक पाण्यात बुळबुळीत होतो व त्यातून द्रव वाहत नाही. म्हणून एपिक्लोरोहायड्रिनने त्याच्या साखळ्या परस्परांत सांधून न विरघळणारे कण करतात आणि ते काचेच्या नळीत भरतात. वरून आठळीचा अर्क सोडला की लेक्टिन कणांना धरून राहते, इतर प्रथिने वाहून जातात. मग गॅलॅक्टोजचे द्रावण सोडतात. लेक्टिन या सुट्या शर्करेला धरते, डिंक सोडते आणि आपले गुण न गमावता खाली उतरते. बंध निवडीपुरता घट्ट, पण सौम्य उपायाने सुटणारा असतो, म्हणूनच हे साधते.

असे शुद्ध केलेले लेक्टिन पुढे स्वतःच नळीत बसविले जाते आणि मानवी रक्तद्रवातील आयजीए-१ हे प्रतिपिंड वेगळे करण्याच्या कामी येते.