पहिला महिना मुळांचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मी वसईकडचा. तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्याकडे भात, केळी, भाजी, फुले. आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. तुम्हाला त्याच्या निम्माही धड मिळत नाही. हा पाणथळीतला माणूस कोरडवाहूवाल्यांना काय सांगणार, असे मनात आले असेल. रोप लहान असताना त्याच्या मुळाशी कसे वागावे, एवढेच सांगणार आहे.

आमच्याकडे भाताच्या रोपाला आवण म्हणतात. आवणाची जागा पावसाआधी राबतात, म्हणजे शेण, टहाळी, पाला, गवत यांचे थर घालून, वर थोडी माती टाकून पेटवतात. तणाचे बी मरते, राखेतले पालाश व स्फुरद मिळते आणि माती इतकी भुसभुशीत होते की आवण उपटताना मुळी तुटत नाही. इंग्रजांच्या जंगल खात्याने टहाळी तोडायला मज्जाव केला, तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला कमिशन नेमावे लागले. तुम्ही राब भाजा असे मी म्हणत नाही. त्यात नत्र आणि सेंद्रिय कस जळून जातो. पण आमचा आजा सगळी मेहनत रोपाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांवर का खर्च करायचा, ते बघा. तुमचे पीक लावणीचे नाही, जागच्या जागी पेरायचे. म्हणजे तुमचे सगळे वावरच रोपवाटिका.

कपाशीची पहिली दोन जाड पाने उघडतात, तेव्हा मऊ जमिनीत तिचे सोटमूळ वीतभर खाली गेलेले असते. वर बोटभर, खाली वीतभर! आपण वरचे बोट बघतो आणि म्हणतो, वाढ नाही, टाका युरिया. पंधराव्या दिवशी नत्राचा मोठा हप्ता पडला की पाला माजतो, मूळ त्या मानाने मागे राहते. हिरव्या लुसलुशीत पाल्यावर मावा-तुडतुडे येतात आणि पंधरा दिवस पावसाने ताण दिला की माना टाकणारे पहिले झाड तेच असते. ज्वारीचे वेगळे. बियातून निघालेली पहिली मुळी फार दिवस पुरत नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बुडख्याच्या कांड्यांवरून नवी मुळे फुटतात, तीच पुढे ताट उभे ठेवतात. त्या वेळी वरची माती कोरडी ठणठणीत असेल तर ती मुळे आत शिरतच नाहीत. म्हणून तेव्हाची कोळपणी तणासाठी जेवढी, तेवढीच ओल राखण्यासाठी.

आता खताचे. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. वरून फेकले तर वरच बसते. मुळीने त्याच्यापर्यंत जायला हवे. ते पेरतानाच द्यायचे, बियाच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खोल. दुचाडी पाभर त्यासाठीच आहे. पालाशही तेव्हाच, नत्राचा थोडा भाग तेव्हा आणि उरलेला महिन्याने, ओल असताना, डवऱ्याने मातीआड करून. उघड्यावर टाकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत जातो. पैसे आपले, वास गावाला. बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम चोळायचे, सावलीत वाळवायचे. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी.

बी आणि खत एकाच जागी का नको, ते आमच्या विहिरींनी आम्हाला शिकवले. टँकरवाल्यांनी वसईच्या विहिरी उपसल्या, तसे समुद्राचे खारे पाणी आत सरकले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती याच पाण्यासाठी आणि शेतीसाठी. खाऱ्या पाण्यात उभे झाड तहानेने मरते, कारण मीठ मुळीला पाणी ओढू देत नाही. खताचा ढीग बियाला टेकला की तेच घडते. उगवण विरळ दिसते आणि आपण बियाण्याला शिव्या देतो.

दुसरे, मुळाला श्वास लागतो. काळ्या रानात दोन दिवस पाणी तुंबले की कपाशी पिवळी पडते. ती भुकेली नसते, गुदमरलेली असते. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, वापसा येऊ द्या, डवरा. खताचा विचार त्यानंतर.

हे सगळे माहीत असूनही युरियाचीच गोणी घरी का येते? कारण खत आपली जमीन ठरवत नाही, दिल्लीचा भाव ठरवतो. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद-पालाशच्या खतांवरचे नियंत्रण उठवले, युरियावरचे ठेवले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणले, त्यातही युरिया बाहेरच. ४५ किलोच्या गोणीला २४२ रुपये, कडुनिंबाचा लेप आणि कर वेगळे. डीएपीच्या ५० किलोला १३५० रुपये. कापसाला भाव न मिळालेला माणूस कोणती गोणी उचलणार? मग कृषी अधिकारी येऊन आम्हालाच संतुलित खताचे धडे देतात. कापसाला रास्त भाव द्या, संतुलन आम्ही करतो!

आणि गोणीबरोबर गळ्यात मारलेली ती मुळ्या वाढवणारी बाटली. फेब्रुवारी २०२१ पासून अशी जैव उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. कुठल्याही बाटलीने स्फुरदाची उणीव भरून निघत नाही. घ्यायचीच असेल तर लेबल वाचा, पक्के बिल मागा. जबरदस्तीने दिली तर त्या दुकानाची लेखी तक्रार तालुका कृषी कार्यालयात द्या, पोच घ्या आणि तिची एक प्रत पुढच्या बैठकीला घेऊन या. येताना कपाशीचे महिन्याचे एक झाड खोदून आणा, उपटून नको. मूळ सरळ खाली गेले आहे की वखराच्या पासेखालच्या कडक थराला आपटून आडवे वळले आहे, ते आपण इथे सतरंजीवर ठेवून बघू.