आहाराचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनातर्फे केलेले भाषण)



वर्षाचे जमाखर्च पत्रक मांडण्यापूर्वी एका निराळ्या हिशेबाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. प्रौढ रुग्ण घरी काय व किती खातो, याचा तो हिशेब होय. ही माहिती छापील प्रश्नावलीवर भरून घ्यावी, की त्यासाठी आहारतज्ज्ञांचा वेळ वाढवावा, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. प्रश्नावली स्वस्त पडते, हे उघड आहे. परंतु दुपारचे जेवण वारंवार चुकविणाऱ्या मधुमेही रुग्णाने ‘दोन्ही वेळा जेवतो’ असे नोंदविले आणि त्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरली, तर त्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून या पद्धतींची तुलना केवळ खर्चावरून करता येत नाही.

पहिली पद्धत चोवीस तासांच्या आहाराच्या आठवणीची. कालच्या दिवसात काय काय खाल्ले, हे आहारतज्ज्ञ समोर बसून क्रमाने विचारतात. चहाबरोबरचे बिस्किट, वरून घेतलेले तूप अशा विसरलेल्या गोष्टी पुन्हा विचारून घेतात. १९७२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण सनियंत्रण विभागाने देशातील खेडोपाडी हीच पद्धत वापरली. त्यासाठी ठरावीक मापाच्या वाट्या सोबत नेल्या जात. या पद्धतीत साक्षरतेची अट नाही. मात्र तो ‘काल’ एकादशीचा असेल, तर साबुदाण्याच्या खिचडीवरून वर्षभराचा आहार ठरवता येणार नाही. यास्तव ही विचारणा वेगवेगळ्या वारी करावी लागते.

दुसरी पद्धत वारंवारतेच्या प्रश्नावलीची. यादीतील प्रत्येक पदार्थ आठवड्यातून वा महिन्यातून किती वेळा खाल्ला जातो, एवढे विचारले जाते. एकाच बैठकीत दीर्घ काळाचे चित्र मिळते व मोठ्या समूहासाठी ती सोयीची ठरते. तथापि, यादीत नाचणीची भाकरी नसेल, तर ती खाणाऱ्याच्या हिशेबातही ती येणार नाही.

तिसरी पद्धत नोंदवहीची, म्हणजे आमच्या भाषेत रोजकीर्दीची. पदार्थ मोजून वा वजन करून त्याच वेळी लिहावयाचा असल्याने स्मरणावर भार पडत नाही. परंतु त्यास चिकाटी लागते. शिवाय लिहावे लागते म्हणून माणूस खाणेच बदलतो.

हिशेब तपासण्यास लेखापरीक्षक हवा, तसे येथेही आहे. विशिष्ट समस्थानिकांनी युक्त पाणी पिण्यास देऊन, पुढे लघवीच्या तपासणीतून शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजता येते. वजन स्थिर असेल, तर खर्च आणि आहार यांचा मेळ बसला पाहिजे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९९-२००० मध्ये ४८४ प्रौढांवर अशी तपासणी झाली. पुरुषांनी चोवीस तासांच्या आठवणीत ऊर्जा १२ ते १४ टक्के कमी सांगितली, तर प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के कमी. स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे १६ ते २० व ३४ ते ३८ टक्के होते. आकडे तेथील लोकांचे आहेत. परंतु समोर बसून विचारलेले आणि कागदावर भरून घेतलेले यांतील अंतर आम्हांस विचारात घ्यावेच लागेल.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. आमटीत तेल किती पडले, हे जेवणाऱ्यास ठाऊक नसते, रांधणाऱ्यास असते. म्हणून तेल, साखर व मीठ यांसाठी महिन्याचा किराणा आणि जेवणारी माणसे यांची विचारणा उपयोगी पडते. मात्र तीतून घराची सरासरी कळते, एकट्या रुग्णाचा वाटा कळत नाही. मिठाचा नेमका अंदाज हवा असल्यास चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासणे अधिक विश्वसनीय ठरते.

तात्पर्य, कोणतीही एक पद्धत सर्व कामांस पुरी पडत नाही. शिबिरांतील मोठ्या समूहासाठी आपल्या भागातील पदार्थांची प्रश्नावली चालेल. परंतु ज्या रुग्णाचे औषध जेवणावर अवलंबून आहे, त्यास आहारतज्ज्ञांनी समोर बसवून, एकाहून अधिक दिवसांचा आहार विचारला पाहिजे. त्यासाठी लागणारे मनुष्यबळ हा चैनीचा खर्च नसून उपचाराचाच भाग आहे, अशी आमची विश्वस्तांस व देणगीदारांस नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तांसही एक प्रार्थना. आपले माणूस गोड खाल्ल्याचे सांगत असता त्यास तेथेच रागावू नये. रागावलेला माणूस पुढच्या खेपेस खरे सांगत नाही, आणि औषधाची मात्रा मात्र त्याच्या सांगण्यावरच ठरते. घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस, शक्य असल्यास नेहमीच्या वाटी-पळीसह, सोबत आणावे.