आपल्या घरासमोरचा कोट

(स्वातंत्र्य दिनी संध्याकाळी मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी स्वातंत्र्य दिनाचा आपला कार्यक्रम सकाळी असतो. यंदा तो संध्याकाळी का ठेवला, असे बऱ्याच जणांनी मला विचारले. काहींना ते आवडलेही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे, आणि ते देताना मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी सकाळी आपण इथे जमलो होतो. झेंडावंदन झाले, मुलांनी गाणी म्हटली, मी देशासाठी लांबलचक प्रार्थना केली. त्याच वेळी मी राहतो त्या गावात ग्रामसभा चालू होती. तिथे घरकुलाची यादी वाचली गेली. गावातल्या एका विधवा मावशीचे नाव त्या यादीत नव्हते. तिच्या राशन कार्डावर एक नाव आणि आधार कार्डावर थोडे वेगळे, एवढेच कारण. मावशी त्या दिवशी रोवणीला गेली होती. मजुरी बुडवून सभेला बसणे तिला परवडणारे नव्हते. सभेत माणसे थोडी होती. तिच्या बाजूने कोणी बोलले नाही आणि यादी मंजूर झाली.

काही दिवसांनी ती माझ्याकडे आली. रागावली नव्हती, फक्त म्हणाली, "भाऊ, तुमी त कागद वाचनारे मानसं. त्या दिवशी कोठी होते जी?"

मी म्हणालो, "चर्चमध्ये होतो मावशी. देशासाठी प्रार्थना करत होतो."

हे बोलताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. ही बाई आपल्या मंडळीतली नाही. पण ती माझी शेजारीण आहे, आणि मी त्या गावचा मतदार आहे. तिची कागदपत्रे मीच पूर्वी पाहिली होती. दोन नावांतला फरक सभेत सांगू शकेल असा माणूस गावात कदाचित मी एकटाच होतो. त्या एका गैरहजेरीमुळे तिने आणखी दोन पावसाळे गळक्या छपराखाली काढले.

त्या रात्री मी पवित्र शास्त्रातले नहेम्याचे पुस्तक काढले. त्याचा तिसरा अध्याय आपण सहसा गाळतो, कारण त्यात नुसती नावेच नावे आहेत. नहेम्या परक्या राजाच्या दरबारात चांगल्या हुद्द्यावर होता. यरुशलेमचा कोट पडला आहे हे ऐकून तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. आपलीही देशभक्ती बहुधा इथवर येते. नहेम्या मात्र पुढे निघाला. राजाची परवानगी घेऊन तो गावी गेला, रात्री फिरून पडझड स्वतः पाहिली, आणि मग लोकांना कामाला लावले. तिसऱ्या अध्यायात त्या कामाची यादी आहे. सोनार होते, अत्तरे करणारे होते, याजक होते, एक जण आपल्या मुलींना घेऊन आला होता. अनेकांनी कोटाचा नेमका कोणता भाग बांधला? आपापल्या घरासमोरचा. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला. तकोवाच्या बड्या लोकांनी मात्र खांदा दिला नाही, हेही त्या यादीत नोंदले आहे. ते वाचताना मला माझेच नाव तिथे दिसले.

बंधुभगिनींनो, देश फार मोठा आहे. एवढ्या मोठ्या देशावर नुसते प्रेम करणे सोपे असते, कारण त्याला काही द्यावे लागत नाही. देवाने आपल्याला जो भाग नेमून दिला आहे तो आपल्या दारासमोरचा आहे, आणि तिथे हात मातीत घालावेच लागतात.

आपल्या या मातीत असे हात घालणाऱ्यांची उणीव नाही. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले. त्यानंतरच्या दडपशाहीत तिथल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. त्या बाया त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या.

पण मला आज एका जवळच्या गावाबद्दल जास्त सांगायचे आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा, ज्याला आपण मेंढा-लेखा म्हणतो. शंभरेक घरांचे गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा आपण सर्वांनी ऐकली आहे. काहींना तिच्यात बंडखोरी दिसते. नीट ऐका. पहिल्याच शब्दांत ते देशाचे सरकार आपले मानतात. मग उरलेल्या अर्ध्या वाक्यात गावाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतात. देवाजी तोफा यांच्यासारखी गावातली माणसे आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र यांनी वर्षानुवर्षे एकच काम केले: बसायचे, अभ्यास करायचा, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलायचे. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत जातो. आपल्या पंच कमिटीत हे जमेल का, याचा विचार करा.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, यावर गाडे अडले. गावाने कायदा हातात धरून पाठपुरावा केला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एक दगड न उचलता हे झाले. ज्या जिल्ह्याने दोन्ही बाजूंच्या बंदुकांत इतकी माणसे गमावली, त्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही.

आणि हक्काबरोबर काम आले. त्याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते. संविधानाच्या कलम ५१ क मध्येही जंगल, नद्या, तळी यांचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. शहरातला माणूस ते कलम परीक्षेपुरते पाठ करतो. इथली माणसे वणव्याच्या दिवसांत आळीपाळीने जंगलात फिरून ते पाळतात.

मतदानाचेही तेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. दक्षिण मुंबईत ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिले. आपल्याकडे अनेक भागांत दुपारी तीनलाच मतदान बंद होते, वर्षानुवर्षे बहिष्काराच्या धमक्या आल्या, केंद्र गाठायला नाले ओलांडावे लागतात. तरी माणसे रांगेत उभी राहतात. म्हणून देणगी देणाऱ्या आपल्या शहरी बंधुभगिनींना मी नम्रपणे सांगतो: आपण आदिवासींना कांबळी आणि औषधे देऊ, ती गरजेची आहेत. पण नागरिकत्व आपण त्यांना शिकवतो, असे मनात आणू नका.

हे सांगणारा मी पहिला नाही. छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा हे आदिवासी होते आणि ख्रिस्ती होते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उभे राहून त्यांनी स्पष्ट सांगितले की, आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, उलट त्यांच्याकडूनच ती शिकावी लागेल. त्याच संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हेही ख्रिस्तीच होते. आपल्याला कोणी विचारले की तुमची निष्ठा कोठे आहे, तर या नावांची आठवण ठेवा. पण नुसती नावे सांगून थांबू नका. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांनाही लिहिले होते की, ज्या नगरात राहता त्याचे कल्याण पाहा. ते नगर तर त्यांचे नव्हते. आपले गाव तर आपलेच आहे. त्या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर सगळ्यात खरे: "हा माणूस आमच्या सभेत बसतो."

म्हणून तीन विनंत्या. पहिली, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभेच्या वेळेत मंडळीने कोणताही कार्यक्रम ठेवू नये. दुसरी, ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारच्या तीन घरांची कागदपत्रे, विशेषतः नावांतले फरक, सभेआधी तपासावेत. ते घर कोणत्या धर्माचे आहे हे पाहू नये. तिसरी, रोवणीच्या दिवसांत सभा कोणत्या वेळी घेतली तर मजूर बायांना येता येईल, हे आपल्या ग्रामपंचायतीला विचारावे. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या वॉर्डात हेच करावे.

आज सकाळी आपल्यातले अकरा जण गावच्या ग्रामसभेत बसलो होतो. मोठे काही घडले नाही. अंगणवाडीच्या छताचा विषय झाला, हातपंपाचा झाला, थोडी भांडणेही झाली. पण सभा तहकूब झाली नाही. मावशीचे नाव मागेच यादीत आले आहे. घर अजून पायापर्यंतच आले आहे. आज ती सभेत माझ्या पुढच्याच रांगेत बसली होती. निघताना म्हणाली, "आज दिसले जी, भाऊ."

प्रभू आपल्या देशाला आशीर्वाद देवो, आणि आपल्या घरासमोरचा कोट बांधायला आपल्याला बळ देवो. आमेन. जय हिंद.