‘अमर्याद’ या शब्दाचे माप
(मेहरूण येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मेहरूणची बोरे विकणाऱ्या बाईचे माप शंभर ग्रॅमने कमी भरले, तर वजनमापे निरीक्षक तिला दंड करू शकतो. मग कोट्यवधी ग्राहकांना इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांचे माप कोणी तपासायचे?

जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘अनलिमिटेड’ असते. खाली बारीक अक्षरांत असते की, दिवसाचे दीड-दोन जीबी संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर येईल. या वेगाने दोन एमबीचे एक छायाचित्र यायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सेवा बंद पडल्यासारखीच. शिवाय महिन्याचे म्हणून घेतलेले रिचार्ज 28 दिवसांत संपते. म्हणजे वर्षाला 13 वेळा पैसे मोजायचे.

मर्यादा असण्याला आपला विरोध नाही. ती लपवण्याला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2016 मध्ये तारेवरील ब्रॉडबँडला मर्यादेनंतरही किमान 512 केबीपीएस वेग बंधनकारक केला. 2022 मध्ये 30 दिवसांच्या योजनाही ठेवायला लावल्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायदा आपल्या पायांनी गरिबाच्या दारी येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसून ही बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवावीत, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रारी नोंदवाव्यात आणि त्यांचा पाठपुरावा करावा. आपली मागणी साधी आहे: जिथे मर्यादा आहे, तिथे ‘अमर्याद’ हा शब्द वापरता कामा नये.