बिनतारी कळफलक

नभोवाणीवरून होणारें भाषण कोणीं ऐकावें यास बंधन नसतें. केंद्रांतून निघालेली लहर बंगल्यांत जाते, तशीच चाळींतल्या खोलींतहि जाते. किंबहुना तिनें सर्वत्र जावें हाच तिचा हेतु. संगणकाचा बिनतारी कळफलक हेंहि एक चिमुकलें प्रक्षेपण-केंद्रच आहे. फरक एवढाच कीं, त्याचा श्रोता एकच असावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते हें पाहण्यापूर्वीं, कळ दाबली म्हणजे काय घडतें तें समजून घेणें बरें.

टंकलेखन-यंत्रावर 'क' ची कळ दाबली कीं 'क' चा खिळा कागदावर आपटे. अक्षर त्या कळेच्या मालकीचें असे. संगणकाच्या कळफलकाचें तसें नाहीं. कळांखालीं उभ्या-आडव्या विद्युत्-रेघांची जाळी असते. आंतील लहानसें यंत्र ती जाळी सारखी चांचपीत असतें. कोणती उभी व कोणती आडवी रेघ जुळली, यावरून कोणती कळ दबली तें त्यास समजतें. मग तें संगणकाकडे अक्षर नव्हे, केवळ एक आंकडा धाडतें. इंग्रजी 'के' च्या कळेचा आंकडा १४ आहे. संगणकावर इंग्रजी निवडलेली असेल तर त्या १४ चा 'के' होतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीची मराठी निवडलेली असेल तर त्याच १४ चा 'क' होतो. १९९१ सालच्या भारतीय मानकांत ही मांडणी दिलेली आहे. तींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे येतात. मराठीसाठीं निराळा कळफलक विकत घ्यावा लागतो, ही समजूत त्यामुळें निराधार ठरते.

अर्थ कळेंत नसून संगणकांत असतो, हें एकदां ध्यानांत आलें कीं शॉर्टकटांचें गूढ उरत नाहीं. कंट्रोलची कळ दाबून धरली म्हणजे पुढील आंकड्याचा अर्थ पालटतो: 'सी' नें निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, 'एक्स' नें तो कापला जातो, 'व्ही' नें चिकटविला जातो, आणि 'झेड' नें झालेली कृति मागें घेतली जाते. इन्स्क्रिप्टमध्यें 'सी' च्या जागीं 'म' असतो. तरीहि विंडोजवर नक्कल व्हावयाची ती होतेच. संपादक पूर्वीं खरोखरीच कात्री व खळ घेऊन बसत. ती रीत संगणकावर उतरविण्याचें काम लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत केलें. या चारी कळा तळच्या ओळींत डावीकडे शेजारीं शेजारीं आहेत. एवढ्या अंगवळणीं पडल्या तरी पुष्कळ श्रम वांचतात; शंभर जोड्या पाठ करण्याचा हव्यास मात्र व्यर्थ होय.

गाणें थांबविणें, आवाज कमीजास्त करणें यांसाठीं ज्या कळा असतात त्यांची जात वेगळी. यूएसबीच्या मानकांत लेखनाच्या कळांची यादी एक आणि यांची दुसरी. आवाज वाढविण्याचा आंकडा २३३, कमी करण्याचा २३४, गाणें चालू वा स्थगित करण्याचा २०५. हे सारे दुसऱ्या यादींतले. म्हणूनच पत्र लिहितां लिहितां आवाज कमी केला तरी पत्रांत एकहि अक्षर उमटत नाहीं. तो आंकडा पत्रापर्यंत जातच नाहीं. संगणकाची मुख्य व्यवस्था तो मध्येंच उचलते. जागा वांचविण्यासाठीं उत्पादक या कळा एफ१ ते एफ१२ यांच्याच ओळींत बसवितात, आणि मग एफ२ दाबलें कीं भलतेंच कांहीं घडतें. त्यासाठीं एफएन नांवाची कळ असते. पुष्कळ कळफलकांवर एफएन व एस्केप एकत्र दाबलें म्हणजे ओळीचा स्वभाव बदलतो.

आतां हवेंतील प्रवास. हे आंकडे दर सेकंदास सुमारें २४० कोटि आंदोलनें होणाऱ्या लहरींवरून जातात. याच पट्ट्यांत घरचें वायफाय नांदतें, आणि मायक्रोवेव्ह भट्टीहि. या गर्दींतून वाट काढण्यासाठीं ब्लूटूथ पद्धतींत एका वारंवारतेवरून दुसरीवर सारख्या उड्या घेतल्या जातात. अशाच युक्तीचें पेटंट अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ सालीं अमेरिकेंत मिळालें होतें. पाणतीरास द्यावयाचे संदेश शत्रूला अडवितां येऊं नयेत, हा त्यांचा उद्देश. आणि त्यांच्या योजनेंतील वारंवारता ८८, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांइतक्या! एरवीं घरांत अक्षरें गळूं लागलीं तर आधीं बॅटरी पाहावी. लहरी झेलणारा तुकडा संगणकाच्या पाठीमागें यूएसबी ३ च्या खांचेशेजारीं असेल तर तेथील विद्युत्-गोंगाटहि त्यास बाधतो. हातभर जोडतारेनें तो पुढें आणावा.

पण उड्या घेणें म्हणजे गुप्तता नव्हे. २०१६ च्या जुलैंत बॅस्टिल या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, आठ उत्पादकांच्या स्वस्त बिनतारी कळफलकांतून आंकडे सांकेतिक रूप न देतां उघडेच सोडले जात होते. शंभर डॉलरांहून कमी किंमतीच्या साहित्यानें ते शेंकडों फुटांवरून टिपतां येत. म्हणजे समोरच्या इमारतींत बसलेल्या माणसास बँकेचा गुप्त शब्द अक्षरशः लिहून घेतां आला असता. ज्यांनीं हे कळफलक घेतले त्यांनीं निष्काळजीपणा केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. तार नसल्याचें दिसतें, कुलूप नसल्याचें दिसत नाहीं.

यास्तव खरेदी करतांना रंगरूपाआधीं सांकेतिक संरक्षणाची चौकशी करावी. खोक्यावर 'एईएस १२८ बिट' असा उल्लेख असल्यास उत्तम. ब्लूटूथचा कळफलक जोडतांना संगणक पुष्कळदां सहा आंकडे दाखवून ते टंकावयास सांगतो. तो निव्वळ उपचार नव्हे. समोरचा कळफलक परका नाहीं याची खात्री त्यानेंच पटते. ज्या जुन्या कळफलकाविषयीं कांहींच माहिती मिळत नाहीं, तो दिवाणखान्यांत गाणीं लावण्यास खुशाल वापरावा. बँकेच्या कामास मात्र तारेचा कळफलक जोडावा, आणि तें काम चालूं असेपर्यंत बिनतारीचा तुकडा संगणकांतून उपसून ठेवावा. कारण असे कांहीं तुकडे परक्यानें धाडलेले आंकडेहि मुकाट्यानें स्वीकारतात, हेंहि त्याच २०१६ सालीं उघडकीस आलें होतें.